मधली तारीख: दोन ऑगस्टची स्मरणसभा गावात कशी घ्यावी

सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात ऑगस्टची पहिली तारीख अण्णाभाऊ साठ्यांची. अण्णाभाऊ वाटेगावचे, जन्म १ ऑगस्ट १९२०. तिसरी तारीख क्रांतिसिंह नाना पाटलांची. ते येडेमच्छिंद्रचे, जन्म ३ ऑगस्ट १९००. दोन्ही गावं याच तालुक्यातली, त्यामुळे त्या दिवसांत मांडव, सतरंज्या आणि माईक गावात असतातच. मधली दोन तारीख मात्र मोकळी जाते. ती तारीख युरोपातल्या रोमा, म्हणजे ज्यांना 'जिप्सी' म्हणतात त्या लोकांच्या स्मरणाची आहे. हे आमच्या वाचनालयात एका मुलीने वाचून सांगितलं आणि तिथून आमची सभा सुरू झाली. आता दरवर्षी घेतो. सांगली-साताऱ्याकडच्या दोन-तीन गावांनी 'कसं करता?' म्हणून विचारलं, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे.

आधी घडलं काय ते नीट समजून घ्या

सभा घेणाऱ्या चार-पाच जणांनी निदान पंधरा दिवस वाचन करावं. ऐनवेळी मोबाईलवर बघून बोललेलं ऐकणाऱ्याला लगेच कळतं, आणि मेलेल्या माणसांबद्दल तसं बोलू नये.

नाझी जर्मनीने साठ लाख ज्यूंची हत्या केली, हे आपल्याकडे शाळेत येतं. त्याच यंत्रणेने रोमा आणि त्यांचीच एक शाखा असलेले सिंती या समाजांनाही वेचून मारलं, हे फारसं कुणाला माहीत नसतं. किती मारले याचे अंदाज अडीच लाखांपासून पाच लाखांपर्यंत आहेत. सभेत आकडा सांगताना 'अंदाज' हा शब्द न चुकता वापरा. पुष्कळांची कुठे नोंदच झाली नाही, म्हणून नेमका आकडा निघत नाही, हेही सांगा.

पोलंडमधल्या ऑशविट्झ-बिर्केनाऊ या नाझी छळछावणीत फेब्रुवारी १९४३ पासून रोमा कुटुंबांसाठी वेगळी छावणी होती. तिथे सुमारे २३ हजार माणसं आणली गेली आणि त्यातली सुमारे २१ हजार मेली. काही भुकेने आणि साथीने गेली, काही डॉक्टरांच्या प्रयोगांत, बाकीची विषारी वायूने. कामाला येतील अशांना दुसऱ्या छावण्यांत हलवून झाल्यावर मागे उरली ती मुलं, बाया, म्हातारी आणि आजारी माणसं. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री या ४,२०० ते ४,३०० जणांना गॅस चेंबरमध्ये नेऊन मारलं. युरोपीय संसदेने २०१५ मध्ये हा दिवस रोमांच्या वंशसंहाराचा स्मरणदिन म्हणून मान्य केला.

एवढ्यावर थांबू नका. त्याच्या आधीचं आणि नंतरचं सांगितलं तरच सभेला अर्थ आहे.

आधीचं असं. हिटलर १९३३ मध्ये सत्तेवर आला. पण म्युनिकच्या पोलिसांनी या लोकांच्या नोंदी ठेवायला १८९९ मध्येच सुरुवात केली होती, आणि १९२६ मध्ये बव्हेरिया या जर्मन प्रांतात जिप्सी, भटके आणि 'कामचुकार' यांच्या बंदोबस्ताचा कायदा झाला होता. लोकशाही असताना झाला होता. पुढे नाझींना याद्या आयत्या मिळाल्या.

नंतरचं त्याहून जिवाला लागतं. युद्ध संपलं, नाझी गेले, तरी १९५६ मध्ये पश्चिम जर्मनीच्या वरच्या न्यायालयाने ठरवलं की १९४३ पूर्वी या लोकांवर झालेली कारवाई वंशद्वेषातून झालेली नाही. या लोकांचा कल गुन्ह्याकडे, विशेषतः चोरीकडे असतो, असंही त्या निकालात होतं. म्हणजे छावणीतून वाचून आलेल्या माणसाला भरपाई मागायला गेल्यावर पुन्हा 'चोर' ऐकावं लागलं. तो निकाल १९६३ मध्ये फिरवला गेला, आणि हा वंशसंहार होता हे जर्मन सरकारने मान्य केलं ते १९८२ मध्ये.

शब्दाबद्दल एक. मराठीत 'जिप्सी' म्हटलं की भटकं, मनमौजी मन असं काहीतरी छान डोळ्यापुढे येतं. युरोपात हा शब्द हिणवायला वापरला गेला, आणि ही माणसं इजिप्तहून आली असावीत या गैरसमजातून तो निघाला. सभेत रोमा आणि सिंती म्हणा.

महिनाभर आधी: बैठकीला कुणाला बोलवाल

जुलैच्या पहिल्या आठवड्यात बैठक घ्या. वाचनालय, हायस्कूलचे दोन शिक्षक, जयंती मंडळाची पोरं, बचत गटाच्या बाया, तालमीचे वस्ताद एवढे लोक पुरे. पण गावाच्या शिवारात पारधी, डवरी गोसावी, वैदू, कैकाडी, बेलदार अशी वस्ती किंवा पालं असतील तर तिथल्या दोघांना या पहिल्याच बैठकीला बोलवा. सगळं ठरवून झाल्यावर 'तुम्हीपण या' म्हणण्यात काही राम नाही.

इथे आमच्याकडून चूक झाली होती, ती सांगतो. पहिल्या वर्षी आम्ही पालावरच्या सातवीतल्या एका मुलाला स्टेजवर बोलावलं आणि 'तुला लोक काय काय बोलतात ते सांग' असं म्हटलं. पोरगं दोन वाक्यं बोललं आणि मान खाली घालून उभं राहिलं. त्याची आई नंतर म्हणाली, "गावाला शिकवायला माझंच पोर उभं करायचं होतं का, दादा?" मी तिची माफी मागितली, पण त्या पोराची संध्याकाळ काही परत आली नाही. तेव्हापासून नियम केला आहे: ज्यांच्यावर शिक्का आहे त्यांनी बोलावं की नाही हे त्यांनीच ठरवायचं. गेल्या वर्षी त्याच वस्तीतल्या एका मावशींनी सूत्रसंचालन केलं. पालाबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत, आणि बोलायची गरजही नव्हती.

बाकीची तयारी थोडकी. ग्रामपंचायतीला पत्र द्या, पोलीस ठाण्यात लेखी कळवा, ध्वनिक्षेपक रात्री दहाच्या आत बंद करा. ऑगस्टचा पाऊस असतो, म्हणून मांडवापेक्षा शाळेचा हॉल किंवा देवळाचा सभामंडप बरा. मात्र देवळात यायला कुणाला संकोच वाटणार असेल तर शाळाच धरा. कृष्णेचं पाणी चढलेलं असेल तर सभा सरळ पुढे ढकला, त्या दिवसांत माणसं दुसऱ्या कामाला लागतात. हार-तुरे, पाहुण्यांचे सत्कार आणि फ्लेक्स ठेवू नका. या एका गोष्टीवर आम्ही दरवर्षी भांडतो आणि ठाम राहतो.

गोष्टी दोनच सांगा

लाखांचा आकडा कानावरून जातो. एक नाव राहतं. म्हणून आम्ही दोनच माणसांच्या गोष्टी सांगतो, पण पूर्ण सांगतो.

पहिली सेटेला श्टाइनबाखची. नेदरलँड्समधल्या सिंती कुटुंबातली ही मुलगी डिसेंबर १९३४ मध्ये जन्मली. १६ मे १९४४ ला पोलिसांनी धरपकड करून तिच्या घरच्यांना वेस्टरबोर्क छावणीत आणलं. तिथे डोक्यावरचे केस काढले, म्हणून तिने फडकं बांधलं होतं. १९ मे रोजी ऑशविट्झला जाणाऱ्या मालगाडीत ती चढली आणि दार बंद होण्याआधी फटीतून बाहेर बघत राहिली. छावणीच्या प्रमुखाच्या हुकमावरून एक ज्यू कैदी हे चित्रित करत होता. काही सेकंदांचंच दृश्य आहे ते. युद्धानंतर ते जगभर दाखवलं गेलं आणि पन्नास वर्षं लोक तिला 'फडकं बांधलेली ज्यू मुलगी' म्हणूनच ओळखत होते. १९९४ मध्ये एका डच पत्रकाराने शोध घेतला तेव्हा कळलं की ती सिंती होती, आणि तिला नाव मिळालं. ती ऑशविट्झमध्ये मारली गेली, बहुधा याच २ ऑगस्टच्या रात्री. वय नऊ.

हे सांगताना आवाज चढवू नका आणि मागे करुण संगीत लावू नका. तिचं ते चित्र मोठं छापून भिंतीवर लावा, पुरे. प्रेतांच्या ढिगाऱ्यांची छायाचित्रं आम्ही कधीच दाखवत नाही. लहान मुलं समोर बसलेली असतात हे एक कारण. दुसरं असं की त्या चित्रांत माणूस दिसत नाही, ढीग दिसतो, आणि मारणाऱ्यांनाही तो तसाच दिसत होता.

दुसरी गोष्ट खास आपल्या तालमींसाठी. योहान ट्रोलमान हा सिंती मुष्टियोद्धा. ९ जून १९३३ ला बर्लिनमध्ये त्याने विजेतेपदाची लढत जिंकली. पंच निकाल द्यायला तयार नव्हते, पण प्रेक्षकांनी दंगा केला तेव्हा पट्टा द्यावा लागला. आठवड्याभरात तो काढून घेतला. कारण काय, तर त्याची लढण्याची पद्धत 'जर्मन' नाही. म्हणजे तो रिंगणात पायांवर नाचत, हुलकावण्या देत लढायचा. पुढच्या महिन्यात त्याला ठरवून पुन्हा उतरवलं. तो आला तो केस सोनेरी रंगवून आणि अंगाला पीठ फासून. तुम्हाला हवा तसा गोरा जर्मन झालो, बघा. मग रिंगणाच्या मधोमध पाय रोवून उभा राहिला, मार खात राहिला आणि पाचव्या फेरीत पडला. १९४४ मध्ये तो छळछावणीत मारला गेला. पट्टा त्याच्या घरच्यांना मिळाला २००३ मध्ये.

कवठेपिरानच्या हिंदकेसरी मारुती मानेंचा हा जिल्हा. जिंकलेली कुस्ती काढून घेणं म्हणजे काय, हे इथल्या पोरांना समजावून सांगावं लागत नाही. गोष्ट संपल्यावर आमच्या वस्तादांनी विचारलं होतं, "आपल्याकडं कुणाची कुस्ती अशी काढून घेत्यात का?" हॉलमध्ये कुणी उत्तर दिलं नाही. पण तालमीत तो विषय आठवडाभर चालला, असं नंतर कळलं.

शब्दांचा तक्ता, आणि त्यातला एक धोका

रोमांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून पश्चिमेकडे गेले. त्यांची भाषा मराठीच्या कुळातली आहे. मुलांकडून एक तक्ता करून घ्या: एका बाजूला रोमानी, दुसऱ्या बाजूला मराठी. पानी म्हणजे पाणी. नाख म्हणजे नाक. कान म्हणजे कानच. दांद म्हणजे दात, छिब म्हणजे जीभ, कालो म्हणजे काळा, मानुष म्हणजे माणूस. मोजायला लागलं तर दुय, त्रिन, श्तार, पान्ज, आणि दहा म्हणजे देश. उच्चार जागोजागी थोडे बदलतात. वाचताना हॉलमध्ये एक वेगळीच हालचाल होते. इतका वेळ परकी असलेली माणसं अचानक ओळखीची वाटायला लागतात.

धोका इथेच आहे. दुसऱ्या वर्षी तक्ता वाचून झाल्यावर एक गृहस्थ उठून म्हणाले, "म्हणजे ती आपलीच माणसं की! आपल्या रक्ताची!" टाळ्या पडल्या. मला तेव्हा काही सुचलं नाही. आता मी तक्त्यानंतर लगेच सांगतो: त्यांचा 'पानी' हा शब्द आपल्या 'पाणी'सारखा नसता, अगदी वेगळ्या शब्दाने ते पाणी मागत असते, तरी आपण आज इथे बसलो असतो. अशाच वंशसंहारांत मेलेल्या ऑशविट्झच्या ज्यूंसाठी, रवांडाच्या तुत्सींसाठी, स्रेब्रेनित्साच्या बोस्नियन मुसलमानांसाठी बसायला नात्याचा पुरावा लागत नाही. रक्ताचं नातं बघूनच दुःख करायचं ठरवलं तर आपण मारणाऱ्यांचाच हिशेब वापरला असं होईल. तक्ता ठेवा, त्याने मुलं जवळ येतात. पण हे वाक्य त्याच्यामागून न विसरता म्हणा.

परात

बर्लिनमध्ये २०१२ साली या बळींचं स्मारक झालं. ते म्हणजे पाण्याने भरलेलं एक काळं, गोल कुंड आहे. मध्ये त्रिकोणी दगड, आणि त्या दगडावर रोज एक ताजं फूल ठेवतात. छावणीत कैद्यांच्या कपड्यांवर त्रिकोणी बिल्ला लावत, म्हणून दगड तसा.

आम्ही घरातली मोठी पितळी परात घेतो, पाण्याने भरतो, मधोमध एक सपाट दगड ठेवतो. फूल एकच. ते कोण ठेवणार हे आधी ठरवत नाही. दोन मिनिटं शांत बसल्यावर ज्याला वाटेल तो उठतो. एका वर्षी शाळेच्या शिपाईमामांनी ठेवलं, एका वर्षी चौथीतल्या मुलीने. मुलांच्या कपड्यांवर बिल्ले लावणं, त्यांना कैदी किंवा शिपाई करून नाटक बसवणं, असलं काही करू नका. एक मूल मारणारा झालं की बाकीची हसतात, हे मी शाळेत पाहिलं आहे.

चिठ्ठ्या

सभेतला हा सगळ्यात अवघड भाग, म्हणून याला पाऊण तास द्या.

सभा सुरू होतानाच प्रत्येकाला कोरी चिठ्ठी द्या. त्यावर नाव घालायचं नाही. लिहायचं एकच: फिरत्या लोकांबद्दल, पालावरच्या लोकांबद्दल आपण लहानपणापासून ऐकलेलं एखादं वाक्य. ऐकलेलं, स्वतःचं मत नव्हे. हा फरक दोनदा समजावून सांगा, नाहीतर लोक चांगली चांगली वाक्यं लिहून देतात. चिठ्ठ्या डब्यात गोळा करा आणि सभा चालू असताना दोघांनी मागे बसून त्या चाळा. एखाद्या ठरावीक घराचं नाव किंवा शिवी असेल तर ती बाजूला काढा.

आमच्याकडे दरवर्षी साधारण हेच निघतं: 'ती पोरं धरून नेत्यात.' 'त्यांच्या रक्तातच चोरी.' 'दिवसा भीक मागायची, रात्री घर बघून ठेवायचं.' 'त्यांना घरं दिली तरी राहत न्हाईत.' ही वाक्यं फळ्याच्या डाव्या बाजूला लिहा. मग उजव्या बाजूला युरोपात रोमांबद्दल पिढ्यान्‌पिढ्या बोलली गेलेली वाक्यं लिहा: मुलं पळवतात, जन्मजात चोर, कामचुकार, एका जागी टिकत नाहीत. काही बोलू नका. लोकांना वाचू द्या.

त्यानंतर मधल्या मोकळ्या जागेत दोन कायदे लिहा. बव्हेरियाचा १९२६ चा, आणि त्याच्या ५५ वर्षं आधीचा आपल्याकडचा, १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. इंग्रजांनी अख्ख्या जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवलं, त्यांच्या नावांच्या वह्या केल्या, हजेऱ्या लावल्या, काहींना तारेच्या कुंपणाआड वसवलं. सोलापुरात त्या भागाला अजूनही 'सेटलमेंट' म्हणतात. हजेरीचा जाच अण्णाभाऊंनी आपल्या लेखनात आणला आहे, त्यामुळे आदल्या दिवशीची जयंती आणि आजची सभा इथे आपोआप जोडली जाते. हा कायदा देशभरात रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोला. पारध्यांची हजेरी आणि ऑशविट्झ एक नाही. तसं म्हटलं तर दोघांवरही अन्याय होतो. शिवी दिली की लगेच वंशसंहार होतो असंही नाही. पण जिथे जिथे वंशसंहार झाला तिथे आधी अशी वाक्यं होती, मग वही होती. रवांडात १९९४ मध्ये रेडिओवरून तुत्सींना 'झुरळं' म्हणत होते, आणि माणसाची जमात लिहिलेली ओळखपत्रं बेल्जियमच्या राजवटीपासून चालत आलेली होती. शंभर दिवसांत आठ लाखांच्या वर माणसं मारली गेली, पुष्कळशी शेजाऱ्यांच्या हातून.

मग गावाजवळ या. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठेचून मारलं. त्यातले बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले, म्हणजे आपल्या जत तालुक्याच्या शेजारचे. आणि खुद्द जत तालुक्यात, लवंग्यात, सप्टेंबर २०२२ मध्ये उत्तर प्रदेशातल्या चार साधूंना याच संशयावरून मारहाण झाली. ते पंढरपूरकडे निघाले होते. डाव्या बाजूचं पहिलं वाक्य पुन्हा वाचायला सांगा.

चर्चा तापू शकते. आमच्याकडे एकाने उठून विचारलं, "माझी मोटार पारध्यांनी नेली, त्याचं काय?" हसू नका, त्यांना गप्प बसवू नका. आम्ही एवढंच विचारलं की मागच्या वर्षी सोसायटीत ज्याने अफरातफर केली त्याच्या जातीचं नाव आपण घेतो का. ते थोडा वेळ उभे राहिले, मग बसले. चोरी झाली तर तक्रार चोराविरुद्ध द्यायची, त्याच्या पालाविरुद्ध नाही, हे त्यांना तिथेच पटलं की नाही मला माहीत नाही. पुढच्या वर्षी ते आले होते.

संध्याकाळचा क्रम

सहाला सुरुवात. पहिली वीस मिनिटं काय घडलं ते, मग दोन्ही गोष्टी मिळून अर्धा तास, तक्ता दहा मिनिटं, चिठ्ठ्या पाऊण तास. शेवटी दोन मिनिटं शांतता आणि फूल. परात शेवटीच ठेवा. चर्चेतली धग तिथे निवते, आणि माणसं भांडणात न उठता शांतपणे घरी जातात. चहा नंतर, आणि सगळ्यांना एकाच किटलीतून, एकसारख्या कपांत.

दुसऱ्या दिवसापासून

सभा झाली म्हणून फोटो टाकून मोकळे होऊ नका. ३१ ऑगस्टला, विमुक्त दिनी, तेच लोक पुन्हा बसवा आणि महिन्याभरात काय केलं ते विचारा. आम्ही दोनच कामं धरली आहेत.

एक अफवेचं. 'पोरं पळवणारी टोळी आली आहे' असा निरोप गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आला की पहिल्यांदा पोलीस पाटलांना फोन, नाहीतर ११२. खात्री होईपर्यंत तो निरोप पुढे जाणार नाही, अशी तंबी गट चालवणाऱ्या तिघांनी आपल्या गटांत घालून ठेवली आहे. अनोळखी माणसं दिसली तर दोघांनी जाऊन विचारायचं, पाणी द्यायचं, गर्दी जमू द्यायची नाही. हे काम कुणाचं, त्यांची नावं वाचनालयाच्या फळ्यावर आहेत.

दुसरं कागदांचं. भटक्या-विमुक्तांना जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या रहिवासाचा पुरावा मागितला जातो. ज्यांची आख्खी पिढी पालात गेली त्यांनी त्या सालचा कागद कुठून आणायचा? म्हणून आम्ही जुन्या शाळांची दाखलखारीज रजिस्टरं उघडून आजोबा-पणजोबांची नावं शोधतो. वेळखाऊ काम आहे. निवृत्त शिक्षकांना हाताशी धरा, त्यांना जुनं मोडी वळणाचं अक्षर लागतं आणि मुख्याध्यापकही त्यांना नाही म्हणत नाहीत. आतापर्यंत आम्हाला तिघांची नावं सापडली.

दोन ऑगस्ट जमत नसेल तर दुसऱ्या तारखा आहेत. २७ जानेवारी, ऑशविट्झ मुक्त झालं तो दिवस. ७ एप्रिल रवांडासाठी, ११ जुलै स्रेब्रेनित्सासाठी, जिथे १९९५ मध्ये आठ हजारांवर पुरुष आणि मुलगे मारले गेले. ९ डिसेंबर, १९४८ मध्ये याच तारखेला वंशसंहाराविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार मंजूर झाला. शाळेला सोयीची पडेल ती घ्या. तयारी याच पद्धतीने करता येते, फक्त गोष्टी त्या त्या माणसांच्या शोधाव्या लागतील.

आमच्या गावात सभा साडेआठला संपते. परातीतलं पाणी शाळेच्या लिंबाला घालतो, चिठ्ठ्या वाचनालयाच्या कपाटात वर्षाप्रमाणे बांधून ठेवतो, आणि सतरंज्या झटकून नऊच्या आत मंडळाकडे पोचवतो. सकाळी त्यांना त्या नानांच्या जयंतीला लागतात.